समोरच्या दाराने

हेस्टर याफ्ताला गुरुवारी सकाळी साडेआठ वाजता गोरी करण्यात आलं आणि त्याला कारण झाला तिच्या कमरेचा घेर.

स्टीनडामच्या बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर केप टाउनहून सिनेमावाले आले होते. वर्णभेदाच्या दिवसांत एकाच घरातली माणसं सरकारी कागदावर निरनिराळ्या वर्णांची ठरतात आणि घर फुटतं, अशी काहीशी त्यांची गोष्ट होती. एका प्रसंगासाठी गर्दी हवी होती, आणि गर्दीला दुपारचं जेवण मिळणार होतं. अडुसष्ट वर्षांची हेस्टर मात्र जेवणासाठी आली नव्हती. तिला स्टेशनचा समोरचा हॉल बघायचा होता. तिच्या लहानपणी त्या दारावर 'फक्त गोरे' अशी पाटी होती. पाटी उतरायच्या आधीच आगगाडी बंद झाली, इमारतीला कुलूप लागलं आणि बघायचं राहूनच गेलं. आता कुलूप निघालं होतं. धाकट्या बहिणीला, फियाला, तिने दंडाला धरून ओढत आणलं होतं.

"मला नाही यायचं. काय आहे तिथे बघण्यासारखं?" असं फिया रस्ताभर म्हणत होती.

"तू बघितलंयस म्हणून असं बोलतेस," हेस्टर म्हणाली.

स्टेशनच्या आवारात नोलू नावाची तरुण मुलगी हातात यादी घेऊन माणसांची वाटणी करत होती. हे काम तिला जड जात होतं. प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे ती चोरून बघायची, लाजायची आणि मग पुटपुटायची.

"आंटी, तुम्ही जरा... म्हणजे माफ करा हं... ब गटात."

"ब म्हणजे काय गं?"

"म्हणजे... बाजूच्या दाराचा गट."

"मग गोरे नसलेले, असं सरळ बोल की! लाजतेस काय एवढी? आमच्या वेळचे साहेब तर ओरडून सांगायचे."

मागच्या रांगेत हशा पिकला. नोलूने यादीत तोंड लपवलं. फियाला तिने न विचारताच अ गटात पाठवलं. फियाचा रंग दुधाळ चहाचा, केस सरळ. हेस्टर बिनदुधाच्या चहाची. जन्मापासून हे असंच होतं, त्यामुळे दोघींनाही त्यात नवल वाटलं नाही.

घोटाळा झाला तो कपड्यांच्या तंबूत. गोऱ्या बायकांसाठी आणलेल्यांपैकी एकच झगा उरला होता, निळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. ज्या बाईसाठी तो शिवला होता ती केप टाउनमध्ये ताप येऊन पडली होती. तो फियाला घातला तर आत आणखी एक फिया मावली असती. टाचण्या लावल्या, दोरा ओवला, उशी बांधून पाहिली. उशी गुडघ्यापर्यंत घसरली. शेवटी कपडेवाल्या बाईची नजर हेस्टरवर गेली.

झगा हेस्टरला मापून शिवल्यासारखा बसला.

दिग्दर्शक डिऑन धावत आला. तो जेमतेम तिशीचा गोरा मुलगा होता आणि गावातल्या कुणाचं मन दुखावेल या भीतीने सकाळपासून घामाघूम झाला होता. "कॅमेरा लांब आहे," तो म्हणाला. "पांढरे हातमोजे द्या, पावडर लावा, टोपीला जाळी लावा. आंटी, तुमची हरकत नाही ना?"

"मला कसली हरकत? सरकारची असायची."

फियाला झाडूवालीचा एप्रन आणि डोक्याला फडकं मिळालं.

"आज मला मॅडम म्हणायचं," हेस्टर जाळीआडून म्हणाली.

"झोपेत म्हणेन," फिया म्हणाली.

प्रसंग अगदी सोपा होता. अ गटाने समोरच्या दाराने आत जायचं, ब गटाने बाजूच्या. डिऑन ओरडला, गर्दी हलली, आणि निळ्या झग्यातली रुबाबदार मॅडम पर्स हलवत थेट बाजूच्या दारात शिरली.

"थांबा! थांबा! आंटी, तुमचं दार ते नाही."

"अगं बाई! चुकलंच."

दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदा तर हेस्टर मनाशी 'समोर, समोर' असं म्हणत निघाली, पण पायांनी ऐकलं नाही. त्यात भर म्हणजे फिया! झाडू घेऊन ती तरातरा समोरच्या दाराकडे निघाली आणि उंबऱ्यापाशी एकदम थबकली. मागचा पेटीवाला तिच्यावर आदळला, पेटी उघडली आणि जुन्या काळच्या पेटीतून सिनेमावाल्यांच्या वायरी बाहेर पडल्या.

डिऑनने केस उपटले. "तुम्हा दोघींना एक साधं दार सापडत नाही?"

"अरे बाळा," हेस्टर म्हणाली, "पायांना इतकी वर्षं एकच दार शिकवलंय. आज सकाळी साडेआठला त्यांना नवीन कसं समजणार?"

डिऑनचा चेहरा पडला. तो तीनदा माफी मागून बसला. नोलूने शेवटी खडूने जमिनीवर बाण काढून दिला. हेस्टर मान खाली घालून बाणावरून चालली आणि आयुष्यात पहिल्यांदा समोरच्या हॉलमध्ये शिरली.

आत शिरताच तिने मान वर केली. मग डावीकडे वळवली, मग उजवीकडे. छताकडे बघितलं. कोपऱ्यात वाकून बघितलं. एका खांबामागेही जाऊन आली.

"थांबा!" डिऑन रडकुंडीला आला होता. "आंटी, तुम्ही रोज इथे येणारी गोरी बाई आहात! तुम्हाला इथे काही नवीन नाही. तुम्हाला कंटाळा आलाय!"

"मला कसा कंटाळा येईल? मी अठ्ठावन्न वर्षं थांबलेय!"

डिऑनने सगळ्यांना चहाची सुट्टी दिली. हेस्टर टोपी काखेत मारून फियाकडे आली. फिया खोक्यावर बसून वेटकूक, म्हणजे तळलेला गोल पाव, खात होती.

"फिया, कारंजं कुठे आहे?"

फियाने आणखी एक घास घेतला.

"दर शनिवारी आई आपल्याला धुण्याचं गाठोडं घेऊन इथे पाठवायची. मी उन्हात उभी राहायचे आणि तू आत जायचीस. बाहेर आलीस की सांगायचीस. लाल माशांचं कारंजं. लखलखणारं झुंबर. पियानो वाजवणारी केसाळ मांजरवाली बाई. कुठे आहे सगळं? आत तर एक बाक आहे, बाजूच्या खोलीत होता अगदी तसाच! आणि सिमेंट!"

"काढून नेलं असेल."

"कारंजं काढलं तर भोक राहतं. मी वाकून बघितलं."

फियाने वेटकूक खाली ठेवला. "मी आत गेलेच नाही कधी," ती म्हणाली. "दाराच्या आत पडदा होता. त्याच्यामागे उभी राहायचे. शंभर आकडे मोजायचे आणि बाहेर यायचे."

हेस्टर वळली आणि टोपी डोक्यावर दाबून बसवली.

पुढच्या खेपेला निळ्या झग्यातली मॅडम बाणाकडे न बघता समोरच्या दाराने आत गेली. बाजूच्या दाराशी झाडू घेऊन उभ्या असलेल्या बाईकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. हॉलवरून एकच नजर फिरवली आणि असा काही उसासा टाकला, जणू साऱ्या जगाचा वीट आलाय.

"अप्रतिम!" डिऑन नाचायला लागला. "हाच तो तोरा! आंटी, काय आणलंत मनात?"

"काही नाही. मी माझ्या बहिणीशी बोलत नाही."

दुपारी पावडर धुऊन दोघी घरी निघाल्या. हेस्टर पुढे, फिया दहा पावलं मागे. चर्च गेलं, शाळा गेली. पेट्रोल पंपापाशी हेस्टर दम खायला थांबली आणि मागे न बघता म्हणाली,

"पडद्यामागे भीती वाटायची?"

"वाटायची. कुणी पकडलं असतं तर आईला बोलावलं असतं."

"मग दर शनिवारी कशाला जायचीस?"

"तू बाहेर उभी असायचीस ना, वाट बघत. पहिल्याच शनिवारी विचारलंस, आत काय आहे? पडदा आहे असं कसं सांगणार?"

हेस्टरने पंपाकडे बघितलं. तिथे पूर्वी गावातलं मोठं हॉटेल होतं. त्यालाही असंच दार होतं, आणि ते जळून खाक झाल्याला तीस वर्षं झाली होती.

"इथे गेली होतीस का कधी?" तिने विचारलं.

"नाही."

"अजिबात नाही?"

"शपथ."

हेस्टर पंपाच्या कठड्यावर बसली आणि शेजारची जागा हाताने झटकली. "मग बस," ती म्हणाली. "आणि नीट आठवून सांग, आत काय काय होतं."

फियाने डोक्यावर तसंच राहिलेलं सिनेमाचं फडकं सोडलं, घसा साफ केला. "आत शिरलं ना," ती म्हणाली, "की आधी जिना लागायचा..."