नदीपल्याडची विलायत

सोमनाथ मनाळ कुणावर जळत नाय! हे त्याचं स्वतःचंच वाक्य बरं का. सिडकोतल्या आपल्या हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर बसून तो येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा, "देवानं दिलं तेवढं बास. दुसऱ्याच्या ताटात बघायची आपल्याला सवयच नाय!"

आता शेजारच्या विश्वजित कुडचडकरांनी गच्चीवर सोलर बसवलं आणि त्याच महिन्यात सोमनाथनंही बसवलं, हा योगायोग. विश्वजितनी गाडी घेतली आणि सोमनाथनं घेतलेली गाडी नेमकी वीतभर लांब निघाली, हाही योगायोग. त्या वीतभरापायी गाडीचं नाक गेटच्या बाहेर राहतं आणि गल्लीतली कुत्री त्यावर पहुडतात, पण ते जाऊ द्या.

एका रविवारी सकाळीच विश्वजित पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारात हजर.

"घ्या सोमनाथराव, तोंड गोड करा! पोर्तुगालचं नागरिकत्व मिळालं!"

सोमनाथनं पेढा तोंडात टाकला होता, तो तिथंच अडकला. "कुणाला?"

"मला! बाबांचा जन्म गोव्याचा. तेव्हा तिथं पोर्तुगीजांचं राज्य होतं ना. म्हणून बाबा पोर्तुगीज, आणि बाबांमुळं मी. इथला पासपोर्ट सोडावा लागला, पण आता युरोपात कुठंही राहा, कुठंही फिरा. अपनी तो निकल पडी!"

घ्या! सोलर विकत आणता येतं, गाडी हप्त्यानं आणता येते, पण गोव्यात जन्मलेला बाप कुठल्या शोरूमला मिळतो? सोमनाथच्या पोटात असा जाळ उठला की पेढा आपोआप वितळला. आणि तोंडातून निघून गेलं, "अरे वा! आमचं बी चालूच हाय की. इंग्लंडचं!"

विश्वजित डोळे विस्फारून गेले. मागं सुरेखा उभी होती, सोमनाथची बायको.

"इंग्लंडचं काय चालू हाय म्हणं?"

"हाय काहीतरी."

"अहो, इथल्या इथं फर्दापूरला एक मुक्काम पडला तर तुमचं पोट बिघडतं. इंग्लंडात काय खाणार तुम्ही?"

सोमनाथनं तडक गावी, गंगापूरला फोन लावला, चंपाबाईला, म्हणजे आपल्या आत्याला. घराण्याचं सगळं तिला तोंडपाठ.

"आत्या, आपल्यात कुणी गोरं होतं का गं?"

"तुझी माय होती बऱ्यापैकी."

"तसं नाय! परदेशात जन्मलेलं कुणी?"

"परदेशात कोण मरायला जातंय! तुझा आजा तेवढा नदीपल्याड जन्मला. प्रवरासंगमला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, न् माझ्या आजीचं माहेर तिकडं. तिकडं इंग्रजाचं राज्य, अल्याड निजामाचं. बाळाला घेऊन नावेतून उतरली तर निजामाच्या जकातवाल्यानं कुंची सोडून बघितली म्हणं, आत बाळच हाय का कापड लपवलंय!"

सोमनाथ उडालाच! पल्याड इंग्रज, काठावर तपासणी! परदेश परदेश म्हणतात तो याहून वेगळा असतो का? विश्वजितचा बाप गोव्यात जन्मून पोर्तुगीज होतो, तर आपला आजा प्रवरासंगमला जन्मून कोण झाला? साहेबच की! धोतरातला असेल, पण साहेब!

आता शहाण्या माणसानं आधी चौकशी केली असती. सोमनाथनं आधी सांगून घेतलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलनीला कळलं. कॉलनीचे अध्यक्ष राजकुमार. कुणाच्या तरी गळ्यात हार घातल्याशिवाय या माणसाला जेवण जात नाही. त्यांनी पुढच्या रविवारी बागेत दोघांचा जाहीर सत्कार ठेवला, बॅनरही लावला. डावीकडं विश्वजित न् पोर्तुगालचा झेंडा, उजवीकडं सोमनाथ न् इंग्लंडचा. सोमनाथच्या गळ्यात टाय! जन्मात कधी घातला नव्हता, तो बॅनरवाल्यानंच चिकटवला. सोमनाथनं मात्र एवढंच बघितलं की विश्वजितचा फोटो मोठा तर नाय ना. चक्क टेप लावून मोजला, दुकानातलीच टेप!

सुरेखा म्हणाली, "अहो, आजोबा तर तुमच्या चुलतभावाचे, कडूबादादांचे बी तेच. मग ते बी इंग्रज का?"

"अर्ज केला तर होतील."

"तुम्ही केलाय का?"

"आधी सत्कार तर होऊ दे!" म्हणत सोमनाथनं बॅनरचा फोटो स्टेटसला टाकला.

तिथंच माशी शिंकली.

सत्काराच्या दिवशी हार पडले, नारळ झाले, आणि बागेच्या फाटकाशी धुरळा उडवत जीप थांबली. आतून कडूबा उतरला, मागून भावकीतले चौघं. सोमनाथची छाती फुगली. बघा म्हणावं विश्वजित, तुमच्यासाठी आलं का कुणी गावाहून! कडूबानं स्टेजवर येऊन हार घातला, कडकडून मिठी मारली, डोळे पुसले.

"लई नाव काढलंस गड्या घराण्याचं! आता एवढी सही कर."

"कसली?"

कडूबानं खिशातून स्टॅम्पपेपर काढला. "हक्कसोडाची. परदेशी माणसाला शेतजमीन चालत नाय म्हणं. उगं सरकारजमा कशाला व्हायची? विहिरीजवळचा तुझा तुकडा आमच्या नावावर कर. तू काय लंडनाहून उसाला पाणी द्यायला येणार हायस व्हय?"

सोमनाथनं हात मागं घेतला. दुकान भाड्याचं, घर बँकेचं, पण तो तुकडा त्याच्या बापानं राखलेला. विहीर बापानं स्वतः खणलेली. तो गेला तर आपण कुठले? लंडन तर लांबच, गंगापूरचेसुद्धा राहणार नाही! त्यानं विश्वजितकडं पाहिलं. ते हार सावरत टक लावून बघत होते. यांच्यासमोर कबूल करायचं? त्यापेक्षा मेलेलं बरं!

कडूबानं पेनाचं टोपण काढलं.

"दादा, थांब!" सोमनाथ ओरडला. "मी कुठला आलोय इंग्रज! आपला आजा नदीपल्याड जन्मला, बास! तेवढंच भांडवल! अर्ज नाय, कागद नाय, काहीच नाय!"

राजकुमारांच्या हातातला माइक चालू होता. सगळ्या बागेनं ऐकलं, बाहेरच्या भाजीवाल्यानंही ऐकलं. मग पहिलं हसू फुटलं ते विश्वजितचं.

"अहो सोमनाथराव, इंग्रजांच्या राज्यात जन्मला तो इंग्रज, तर पुण्या-मुंबईची सगळी नातवंडं लंडनला जातील! निजामाकडचा म्हणून एकटा मराठवाडा मागं राहील!"

"म्हणजे तिथंही आपला अनुशेषच!" राजकुमार माइकवरूनच बोलले.

बाग हसून लोळली. कडूबानं मुकाट्यानं स्टॅम्पपेपर घडी केला. "जपून ठेवतो. पुन्हा कुठला झालास तर सांग," म्हणाला.

सोमनाथ कोपऱ्यातल्या खुर्चीवर भज्यांची प्लेट घेऊन बसला, पण भजी तशीच पडून. तेवढ्यात विश्वजित शेजारी येऊन टेकले.

"खरं सांगू? मला आज तुमचा हेवा वाटला. वेरूळ रोडला शेतीचा एक तुकडा बघून ठेवला होता मी. आता घेता येत नाही. परदेशी झालो ना!"

सोमनाथनं कान टवकारले. "काय वाटलं म्हणालात?"

"हेवा."

अहाहा! पुन्हा एकदा म्हणा की! हार पडले तेव्हा झालं नव्हतं एवढं सुख सोमनाथला त्या एका शब्दानं झालं. भजी भराभर संपली. त्यानं दिलदारपणे विश्वजितना हुरडा खायला शेतावर बोलावलं, कडूबाची ओळख करून दिली. पुढं कित्येक दिवस तो गिऱ्हाइकांना सांगत होता, "माणसाला शेती पाहिजे! पासपोर्टात काय ऊस येतो व्हय?"

हुरडा झाला. आणि एका सकाळी दारात विश्वजित. हातात पेढ्यांचा बॉक्स, सोबत बायको कालिंदी.

"तोंड गोड करा सोमनाथराव! शेती घेतली!"

पेढा पुन्हा अडकला. "पण तुम्हाला कुठं चालते?"

"मला नाही, हिला! ही भारतीयच आहे की. आणि शेती शेतकऱ्यालाच घेता येते ना, तर माहेरच्या सातबाऱ्यावर हिचं नाव आहे, म्हणजे ही शेतकरी!"

"तुमच्या गंगापूरलाच मिळाली भाऊजी," कालिंदी आनंदानं म्हणाली. "हुरड्याला आलो तेव्हा कडूबादादांनीच दाखवली. तुमच्या बांधाला बांध! फक्त तुमच्याहून जरा मोठी आहे."

दोघं गेल्यावर सोमनाथनं पेढ्यांचा बॉक्स सुरेखाकडं सरकवला. माहेर शेवटी कामाला आलं, पण आपल्या पणजीचं नाय, दुसऱ्याच्या बायकोचं! एकदम त्याचे डोळे चमकले. बायकोचा माहेरचा वाटा धरला तर आपलीच जमीन मोठी!

"सुरेखा! तुझ्या माहेरच्या सातबाऱ्यावर तुझं नाव हाय का गं?"

"होतं की," सुरेखा पेढा खात म्हणाली. "भावांनी हक्कसोड मागितलं तवा मी तुम्हाला इचारलं होतं. तुम्हीच म्हणालात, करून टाक सही. दुसऱ्याच्या ताटात बघायची आपल्याला सवय नाय!"