मागवला एक, आले अकरा

"बाबा, जरा वेळानं लॅपटॉप इंग्रजीत विचारेल, पुढे जाऊ का म्हणून. वाय दाबायचं आणि एंटर. बस्स!" एवढं सांगून ज्ञानेश्वरी डबा घेऊन कंपनीच्या बसकडे पळाली. उद्या पालघरला तिची लिनक्स या संगणक प्रणालीची प्रात्यक्षिक परीक्षा होती. पास झाली तर कंत्राटी नोकरी कायम होणार होती. आज दिवसा लॅपटॉपवर वेब सर्व्हर हा प्रोग्रॅम नेटवरून चढला, की संध्याकाळी सराव करता येणार होता.

सासरे रामकिसन चष्मा पुसून लॅपटॉपसमोर बसले. तारापूरच्या कारखान्यात तीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस. मालाचं चलन वाचल्याशिवाय त्यांनी कधी नटबोल्टाची पिशवीही आत घेतली नव्हती.

थोड्या वेळानं पडद्यावर प्रश्न उमटला. रामकिसननी वरची यादी वाचली आणि ते ताठ झाले. "अगं, सुनेनं मागवला एक नग, आणि हे अकरा उतरवायला निघालेत!"

मैनाबाई भाकरी थापत म्हणाल्या, "तिनं दाबा म्हणलंय ना? दाबा की मग."

"न वाचता सही? माझ्या हातून?"

त्यांनी सुनेला फोन लावला, पण तिचा फोन नियमाप्रमाणे कंपनीच्या गेटवर जमा. शेवटी खालच्या मजल्यावरच्या नीलेशला हाक मारली. तो कंप्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता.

"काका, एक प्रोग्रॅम चालायला बाकीचे धा लागतातच, म्हणून एकाच्या मागं धा येतात. दाबून टाका. आमी कदी वाचतच नाय."

हे ऐकून तर रामकिसनची खात्रीच पटली. अशाच माणसांमुळे ऑडिटला घाम फुटतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. त्यांनी अकराही नावं वहीत उतरवली, वर 'जादा माल, परत' असा शेरा मारला आणि नकाराचं एन दाबलं. मग जेवून निवांत झोपले.

संध्याकाळी ज्ञानेश्वरी आली, तर सर्व्हरचा पत्ता नाही. पुन्हा चढवायला गेली, तर नेट बंद. खोदकामात केबल तुटली होती, आणि अख्खं कुंभवली गाव मोबाइलच्या नेटवर तुटून पडल्यामुळे तेही हलेना.

"बाबा, एक अक्षर दाबायचं होतं हो!" तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

रामकिसनना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वही पुढे सरकवत ते चाचरत म्हणाले, "माल नाही, पण यादी हाय. एकेक सांग बरं, कशाला लागतं ते."

पहिली दोन तिनं फणकाऱ्यातच सांगितली. तिसऱ्याला ती अडखळली.

"हे काय करतं?"

"माहीत नाही."

"मग मागवलंस कशाला?"

ज्ञानेश्वरीला राग आला, पण बाबांचं खोटं नव्हतं. आजवर तीही न वाचताच वाय दाबत आली होती. तिनं पुस्तक ओढलं. रामकिसन एकेका नगावर अडून बसले. हा कुणाला लागतो? नसला तर काय अडतं? मैनाबाईंनी दोनदा ताटं वाढली आणि दोनदा झाकून ठेवली. अकरावा नग समजला, तेव्हाच दोघं जेवायला उठली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पालघरहून फोन आला. "बाबा, पास! परीक्षेत त्यांनी मुद्दाम त्या अकरातला एक नग काढून ठेवला होता, सर्व्हर सुरूच होईना. कुठला नाही, ते सगळ्या हॉलमध्ये मला एकटीला ओळखता आलं! परीक्षक विचारत होते, क्लास कुठला लावला होता?"

"मग?"

"म्हटलं, घरचाच."

रामकिसननी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी फोन मैनाबाईंच्या हातात दिला.

"पोरी, गुणाची गं माझी," मैनाबाई म्हणाल्या, "पण आता लवकर घरी ये बाई. सकाळपासून ह्यांनी माझ्या मांडणीवरचा एकेक डबा खाली काढलाय, आणि विचारतायत, हे कशाला लागतं?"