माझ्या पोटातले मेहुण्याचे जंतू

माझ्या पोटाबद्दल मी कधी बढाई मारत नाही. बढाईला अतिशयोक्ती लागते, आणि इथे तिला जागाच नाही! एकदा गप्पांच्या नादात मी पावाबरोबर बशीचा तुकडाही चावून खाल्ला. वर म्हणालो, "पाव आज जरा कडक भाजलाय." पोटाने हूं की चूं केलं नाही!

म्हणून तर डॉक्टरीणबाईंनी "घरात धडधाकट पोट कुणाचं आहे?" असं विचारताच मी ताडकन उभा राहिलो. तिथेच सगळं चुकलं.

आजारी होता माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. धंद्याने शिंपी. आतड्याला सूज येऊन जखमा झालेल्या. रक्त पडायचं, आणि एक बाही शिवून होईपर्यंत मशीन सोडून पळावं लागायचं. पँटी आत घेऊन घेऊन त्याचे मागचे दोन्ही खिसे एकमेकांना चिकटले होते! औषधांनी हात टेकले होते. आता एक तर ऑपरेशन, नाही तर बाईंचा प्रयोग.

"चांगल्या आतड्यातले जंतू घेऊन यांच्या आतड्यात सोडायचे," बाई म्हणाल्या. "गुण येईलच असं नाही. पण करून बघू."

"आणि ते काढणार कुठून?" मी विचारलं.

बाईंनी छताकडे बघितलं. "सकाळी," त्या म्हणाल्या.

मी हळूच खाली बसलो. पण तोवर बायकोने माझा हात धरून वर केला होता!

"नमुना देईपर्यंत तेला-लोण्यातलं बंद," बाईंनी बजावलं. "फार स्निग्ध खाल्लं की ते पचवायला पित्त जास्त सुटतं. त्यावर काही दांडगे जंतू माजतात आणि आतड्याचं अस्तर बिघडवतात. उलट भाज्या, डाळी खाल्ल्या की गुणी जंतूंचं फावतं. ते त्या चोथ्यापासून बारीकशी स्निग्ध आम्लं बनवतात, आणि अस्तर त्यांच्यावरच पोसलं जातं."

"म्हणजे माझं अस्तर उसवलंय होय!" मेहुणा म्हणाला. इतके महिने त्याला आजार कुणी कपड्याच्या भाषेत समजावलाच नव्हता.

"सगळंच स्निग्ध वाईट नसतं हं," बाई म्हणाल्या. "जवसातलं, मासळीतलं चांगलं."

"आणि लोण्यातलं?" मी आशेने विचारलं.

"चला घरी!" बायको म्हणाली.

त्या दिवसापासून माझं पोट माझं राहिलं नाही. मी तळलेल्या बटाट्याच्या कापाकडे नुसता हात नेला, तर बायको किंचाळली, "अहो, ठेवा तो खाली! माझ्या भावाचे जंतू आहेत आत!"

"अगं, पोट माझं आहे!"

"पोट तुमचं, जंतू त्याचे!"

बरं, घरातलं घरात ठेवील तर ती बायको कसली? गल्लीभर बातमी! न्हावी माझ्या गळ्यावर वस्तरा ठेवून विचारतो, "कसे आहेत?" मी म्हणालो, "बरा आहे." तो म्हणाला, "तुम्ही नाही हो, ते!" शेजारीण जिना उतरताना माझा हात धरू लागली. मी पोटुशी राहिलो असतो तरी एवढा मान मिळाला नसता! आणि बेकरीवाल्याने तर काचेचं कपाट माझ्या तोंडावर लावून घेतलं. "काका, तुम्हाला नाही. तुमच्या पोटात शिंप्याचा जीव आहे."

माणूस किती सोसणार? एका दुपारी मी दूरच्या एका बेकरीत गेलो. तिथे मला कुणी ओळखत नव्हतं. लोण्याचे पदर सुटलेला एक रोल खाल्ला. दुसरा पहिल्याला सोबत म्हणून. तिसरा बेकरीवाल्याला वाईट वाटू नये म्हणून.

परत येताना मेहुण्याने दुकानातून हाक मारली. "भाऊजी, जरा उजेडात या. कोटावर हा डाग कसला?"

"पाण्याचा!"

"पाण्याला असा वास येत नाही. लोणी आहे हे."

शिंप्यापुढे डाग लपवायला निघालो होतो मी! मेहुणा चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता स्टुलावर टेकला आणि पँट वर ओढत म्हणाला, "थोडे तरी उरलेत का हो माझ्यासाठी?"

मग त्यानेच खडूची पूड घेऊन डाग घासला. "ताईला कळलं तर माझ्याआधी तुमचंच ऑपरेशन होईल."

जन्मात पहिल्यांदा मला लोणी पचलं नाही. पुढचे दिवस मी इतका पाला खाल्ला, की रस्त्यातल्या बैलाने मान वर करून माझ्याकडे बघावं!

तपासणीचा निकाल ऐकायला आम्ही तिघं गेलो.

"काका, तुमचं नाही चालणार," बाई म्हणाल्या. "गुणी जंतू आहेत, पण औषधापुरते. बाकी सगळी दांडग्यांची जुनी वस्ती. चार दिवसांच्या पाल्याने ती उठायची नाही."

बायकोने माझ्याकडे असं बघितलं, की त्या दांडग्यांनीही आत अंग चोरलं असेल.

"मग... ऑपरेशन?" मेहुण्याने विचारलं.

"थांबा हो! सख्खी बहीण म्हणून ताईंचाही नमुना घेतला होता ना आम्ही? काय आतडं आहे! एकूणएक जंतू शिस्तीत!"

"आमच्या घरात सगळेच शिस्तीत असतात," मी पुटपुटलो.

प्रयोग झाला, आणि खरंच गुण आला! रक्त थांबलं. मेहुणा एका बैठकीत अख्खा कोट शिवू लागला. पँटी सैल करता करता दोन्ही खिसे आपापल्या घरी परतले. मी नव्या कोटाचं माप द्यायला गेलो, तर गळ्यात टेप अडकवून तो खेकसला, "पोट आत ओढू नका! मला फसवता? आणि चपला कुठे काढल्यात? नीट लावा आधी!"

आवाज त्याचा, पण सूर? मी घामाघूम होऊन बाईंकडे धावलो. "जंतूंबरोबर स्वभावही जातो का हो?"

"छे! असं काही नसतं, काका."

नसेलही. शिकलेल्या बाई आहेत, त्यांना जास्त कळतं. पण कालच मेहुण्याने मला, भेंडी जून आणली म्हणून, पिशवीसकट बाजारात परत पाठवलं. तेही त्याच्या दुकानातून, माझ्या घरच्या भेंडीसाठी!

आणि मी गेलो हो मुकाट्याने.