दूर्वा आणि सलग सहावं विजेतेपद

शालिनीच्या हातातली पिशवी दूर्वांनी गच्च भरलेली पाहून अंबरीश कौतुकाने म्हणाला, "चंदीगडात इतक्या कोवळ्या कुठे मिळाल्या गं?"

"तुमच्या क्लबात. सेक्टरच्या बागेत सगळ्यांची कुत्री फिरतात, तिथलं देवाला कसं वाहणार? क्लबात बूट बदलल्याशिवाय माणसालाही आत घेत नाहीत. शिवाय पावसामुळे आठवडाभर मशीन फिरलेलं नाही. काय लुसलुशीत हरळी आहे!"

अंबरीशचा चहा हातातच राहिला. "टेनिस कोर्टावरची?"

"मधली नाही हो, मागच्या कोपऱ्यातली. माळ्याला विचारलं, तो म्हणाला, ले लो भैणजी, घास है, फिर आ जाएगी."

"परत येईल, पण अंतिम सामना आज संध्याकाळी आहे."

"आणि एकाच बाजूची उपटलेली बरी दिसेना, म्हणून जाळीच्या दोन्हीकडची घेतली," शालिनी म्हणाली. नीटनेटकेपणात ती कुणाला हार जायची नाही.

तिचा नवसच होता, नवऱ्याची पुण्याला बदली झाली तर सहस्र दूर्वा वाहीन. बदलीची फाइल खात्याचे आणि क्लबाचेही प्रमुख असलेल्या सोढीसाहेबांच्या टेबलावर महिनाभर पडून होती आणि देवाला आगाऊ दिलं तर काम लवकर होईल, असा तिचा हिशेब होता. साहेबांनीही शब्द दिला होता, "फायनल के बाद साइन कर दूँगा, पक्का."

साहेबांची मर्जी अंबरीशने विद्वत्तेवर मिळवली होती. विम्बल्डनचे सगळे विक्रम त्याला तोंडपाठ. विल्यम रेनशॉने तिथे लागोपाठ सहा वेळा विजेतेपद जिंकलं आणि त्या काळी गतविजेता थेट अंतिम सामनाच खेळायचा, हे त्याने एकदा सहज सांगितलं. साहेब नुकतेच पहिल्यांदा जिंकले होते; त्यांनी दुसऱ्याच दिवशी क्लबात तो नियम लागू केला. तेव्हापासून साहेब वर्षाला एकच सामना खेळत आणि समोर त्यांच्याच खात्यातला कुणीतरी असल्यामुळे जिंकत. अशी पाच विजेतेपदं झाली. यंदा मात्र समोर एअरफोर्सचा तरणाबांड ग्रेवाल आला होता. त्याला साहेबांची सही कुठल्याच कागदावर नको होती.

अंबरीश पंचाच्या उंच खुर्चीत बसला. वरून दोन्ही कोपऱ्यांतली टकलं स्पष्ट दिसत होती. साहेबांना वाकता येत नाही, हे ग्रेवालने हेरलं होतं. त्याने साहेबांच्या डाव्या कोपऱ्यात चेंडू कापून मारायला सुरुवात केली. गवतावर असा चेंडू सरपटत जातो. इथे तो दिवसभराच्या उन्हात टणक झालेल्या उघड्या मातीवर पडला आणि अदबीने थेट साहेबांच्या कमरेपर्यंत वर आला. साहेबांनी जागचं न हलता तो हाणला. बाजू बदलल्या तरी तेच. बिचारा ग्रेवाल पुन्हा पुन्हा शिकल्याप्रमाणे उत्तम खेळत राहिला आणि हरला.

टाळ्यांच्या गजरात साहेब खुर्चीपाशी आले. "आज बॉल खुद मेरे पास आ रहा था, अंबरीशजी. कोर्ट को क्या हुआ है?"

अंबरीशला खोटं सुचलं नाही. "सर, मिसेसने पूजा के लिए दूब निकाली थी. सॉरी, सर."

साहेबांनी त्या टकलाकडे वळून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "रेनशॉ के कितने थे लगातार?"

"सहा, सर. आय मीन, छह."

"और सात?"

"लगातार सात अभी तक किसी के नहीं, सर."

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "फिर आप पुणे कैसे जा सकते हो? अगले साल भी पूजा यहीं होगी."

घरी शालिनीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग ती मखराकडे वळून म्हणाली, "नवस बोलले मी, दूर्वा खुडल्या मी, निवडत बसले मी. मग पावला त्या सोढीला कसा?"

अंबरीश बूट काढत म्हणाला, "दूर्वा त्यांच्या कोर्टातल्या होत्या ना."