चंद्र मागेच राहिला

तिकिटावर स्वच्छ छापलं होतं: हॅलिफॅक्स संध्याकाळी पाच, व्हँकुव्हर साडेसात.

"अडीच तास," प्रतापराव म्हणाले. "एक डुलकी काढली की लेकीच्या दारात."

चित्राताईंनी प्रवासाला मुद्दाम संकष्टी निवडली होती. अपूर्वाने वसईच्या कॉलिनशी लग्न केलं, त्या लग्नाला त्या गेल्या नव्हत्या. आता लेकीसाठी जीव तुटायला लागला म्हणून निघाल्या खऱ्या, पण त्याच्या घरचा घास घ्यायचा नाही, हे ठरलेलं. तोंडावर नाही कशाला म्हणा? उपास आहे म्हणायचं. चंद्र दिसला की पर्समधली थालीपिठं खाऊन झोपायचं. उद्याचं उद्या.

विमान ढगांवर आलं. अडीच तास सरले, खाली तळीच तळी, आणि सूर्य खिडकीत जागचा हलेना. प्रतापराव हवाई सुंदरीला विचारून आले ते चेहरा पाडून.

"अगं, देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, चार हजारांवर किलोमीटर आहे. साडेसहा तास लागतात. तिथलं घड्याळ हॅलिफॅक्सच्या चार तास मागे, आणि तिकिटावर तिथली वेळ."

"तीस वर्षं इंजिनिअर होतात ना?"

"पुलांचा. पूल जागचे हलत नाहीत."

उजेड पिकत गेला, पण मावळेना. ढग केशरी झाले, मग केशरीच राहिले. भुकेच्या गुंगीत चित्राताईंना वाटलं, चंद्र हातात पिशवी घेऊन धापा टाकत विमानामागे पळतोय आणि म्हणतोय, ताई, जरा हळू घ्या की. त्याला खिडकीतून हात द्यावा म्हणून त्या वाकल्या आणि जाग आली. प्रतापराव मिशीवरचे तीळ पुसत होते. डबा रिकामा.

"उपास तुझा होता," ते म्हणाले. "माझा नव्हता."

अपूर्वाच्या घरी पाऊल टाकताच तुपाच्या फोडणीचा वास आला. वरण, भात, बटाट्याची भाजी. कांदा-लसूण नाही, सगळं कॉलिनने केलेलं. चित्राताईंचा निश्चय पोटात कुठेतरी विरघळला.

"आई, हॅलिफॅक्सला चंद्र केव्हाच उगवला," अपूर्वा म्हणाली. "जस्ट ईट, प्लीज!"

"तेही खरंच," म्हणत त्यांनी ताट ओढलं.

"नाही, आई." कॉलिनने ताट हळूच मागे घेतलं. "तुम्ही आता इथे आहात. इथला चंद्र साडेनऊला. मी चेक केलंय."

"अरे, देव समजून घेतो."

"देव घेईल हो. उद्या तुम्हालाच चुकल्यासारखं होईल. गुड फ्रायडेच्या उपासाला आमची ममा पण अशीच."

चौघं बाल्कनीत बसली. डोंगरांच्या कडा निळ्या होत होत्या. कुणाचं तरी पोट मोठ्याने गुरगुरलं.

"माझं नव्हे," चित्राताई म्हणाल्या.

"माझं," कॉलिन ओशाळला. "तुम्ही उपाशी, मग मी कसा जेवू?"

डोंगरामागून चंद्र वर आला, जरासा कापलेला, पिवळाधमक. चित्राताईंनी हात जोडले आणि त्या लेकीकडे वळल्या.

"अपूर्वा, तू नवरा केलास म्हणून मी रुसले होते. पण तू तर मला सासू आणलीस गं!" आणि कॉलिनला म्हणाल्या, "वाढा आता, सासूबाई. भात जरा जास्त."