तळं सरळ, चौकट वाकडी

मिस्त्रींनी पाणसळ चित्राच्या चौकटीवर ठेवली आणि सरांना हाताला धरून जवळ ओढलं.

“बघा! बुडबुडा कुठंय? मध्यावर! आता म्हणा वाकडं!”

“वाकडं,” सर म्हणाले.

विद्यापीठाच्या कलादालनात सव्वीस वर्षं चित्रं टांगणाऱ्या माणसाला हे तोंडावर ऐकावं लागत होतं. मिस्त्री मूळचे सुतार. खुर्ची असो, फळी असो, काम झालं की खालच्या अंगाला निळ्या पेन्सिलीने दोन समांतर रेघा ओढायच्या आणि तारीख घालायची, ही त्यांची सही. सगळ्या विद्यापीठाला ती ठाऊक होती. महिनाअखेरीला ते निवृत्त व्हायचे होते आणि त्यांच्या हातचं हे शेवटचं प्रदर्शन. ते नेमकं चित्रकला विभागाच्या प्रमुखांचं, म्हणजे या सरांचं निघावं, याला काय म्हणायचं! सरांनी विभागाच्या खिडकीतून दिसणारं तळं तीन वर्षं रंगवलं होतं. तळ्याची अकरा चित्रं. उद्घाटन उद्या सकाळी होतं.

“पाणी बघा, मिस्त्री. सगळं डावीकडे चाललंय. खाली बादली ठेवायची का?”

“पाणी तुम्ही काढलंय. मी चौकट लावलीय. चौकटीपुरतं बोला!”

सरांनी चौकटीचा उजवा कोपरा बोटभर खाली दाबला. तळं शांत झालं, पण चौकट कलंडली. मिस्त्रींनी ती पुन्हा वर केली. असं दुपारपर्यंत अकराही चित्रांचं तीन-तीनदा झालं. तळं सरळ केलं की चौकट वाकडी आणि चौकट सरळ केली की तळं वाकडं. शेवटी सरांचा संयम सुटला.

“मी कुलसचिवांना लेखी देणार. तुमच्या सेवापुस्तकात नोंद होऊ दे, चित्रं वाकडी लावतो म्हणून!”

मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सव्वीस वर्षांत हजारो चित्रं टांगली, एकाही चौकटीने मान कलती केली नाही आणि जाताना पदरात हे? पाणसळ काखेत मारून ते तडक सरांच्या स्टुडिओकडे निघाले. “चला, तुमचं तळंच तपासू!” म्हणाले. सर मागोमाग धावले.

स्टुडिओत त्यांनी खिडकीच्या कठड्यावर पाणसळ ठेवली. बुडबुडा मध्यावर. फरशीवर ठेवली, तरी मध्यावरच. मग सर ज्याच्यावर कॅनव्हास ठेवत, त्या लाकडी ईझलच्या पट्टीवर ठेवली. बुडबुडा धावत डाव्या टोकाला जाऊन बसला.

“सापडला!” मिस्त्री ओरडले. “हा घोडाच लंगडा आहे! उजवा पाय आखूड. तुमचा कॅनव्हास याच्यावर तिरका बसणार, तुम्ही खिडकीतलं पाणी बघून सरळ काढणार, आणि भिंतीवर कॅनव्हास सरळ केला की पाणी तिरकं. आणि नाव कुणाचं खराब? माझं! कुठल्या गाढवाने केलाय हा? असल्या माणसाच्या हातात करवत कुणी दिली? त्याच्यावर करा नोंद!”

त्यांनी तावातावाने ईझल उलटा केला. पायाच्या खालच्या अंगाला निळ्या पेन्सिलीच्या दोन समांतर रेघा होत्या. तारीख तीन वर्षांपूर्वीची, नात झाली त्या दिवसाची. दवाखान्यातून फोन आला तसे हातातलं काम कसंबसं उरकून मिस्त्री पळाले होते.

मिस्त्रींनी रेघांवर अंगठा ठेवला, पण उशीर झाला होता.

सर खालच्या आवाजात म्हणाले, “मिस्त्री, मी तीन वर्षं याच्यावर काम केलं. पोरांना रोज सांगतो, आधी बघायला शिका.”

“होय, सर.”

“हे आपल्या दोघांतच राहू द्या.”

“चौकटी सरळ ठेवू ना?”

“ठेवा.”

दुसऱ्या दिवशी फीत कापून कुलगुरू आत आले. पहिल्या चित्रापुढे त्यांनी मान कलती केली, तिसऱ्यापुढे खांदा झुकवला आणि पाचव्याशी आल्यावर खुर्चीची पाठ धरली.

“इथली फरशी उतरती आहे,” त्यांनी जाहीर केलं. “मघापासून मला घसरल्यासारखं होतंय. गेल्या वर्षीच बसवली ना? कुणी बसवली?”

लगेच चार प्राध्यापकांना आपणही घसरत असल्याचा साक्षात्कार झाला. बाहेर कुंपणाची भिंत बांधणाऱ्या गवंड्याला बोलावण्यात आलं. हा गवंडी म्हणजे मिस्त्रींच्या बायकोचा सख्खा भाऊ. तो सिमेंटच्या हातांनीच आला.

“उतरती? माझी फरशी?” तो उसळला. “भावोजी, आणा तुमची पाणसळ! बुडबुडा मध्यावर नसला तर उद्यापासून थापी हातात धरणार नाही!”

“काही ठेवायची गरज नाही. आम्हाला डोळे आहेत,” कुलगुरू म्हणाले. “यापुढे याला काम देऊ नका. लिहून घ्या.”

मिस्त्रींनी सरांकडे पाहिलं. सर छत बघत होते. कालचेच शब्द होते सगळे, फक्त ऐकून घेणारा बदलला होता. मिस्त्रींना भयंकर राग आला. कुलगुरूंचा, सरांचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

“फरशीला नाव ठेवायचं काम नाही, साहेब!” त्यांचा आवाज दालनभर घुमला. “फरशी सरळ आहे, चौकटी सरळ आहेत. ईझल वाकडा आहे, आणि तो मी केलाय! म्हणून तळं कललं. नोंद करायची तर माझ्यावर करा!”

कुलगुरू सरांकडे वळले.

“पण तीन वर्षांत तुमच्या लक्षात नाही आलं?”

सरांचा चेहरा लाल झाला. मिस्त्रींना त्यांची दया आली.

“सर खिडकीबाहेर बघत होते, साहेब,” ते म्हणाले.

सेवापुस्तकात नोंद झालीच. ‘ईझलचा पाय आखूड केला.’ मिस्त्रींनी ती दोनदा वाचली. चित्रं वाकडी लावतो, असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी समाधानाने खाली सही केली.

निरोपाच्या दिवशी सरांनी त्यांना अकरातलं सगळ्यात लहान तळं भेट दिलं. मिस्त्रींनी ते घरी जेवायच्या टेबलासमोर, पाणसळ लावून, स्वतःच्या हाताने टांगलं. संध्याकाळी मेहुणा जेवायला आला होता.

“अहो,” वाढता वाढता बायको म्हणाली, “चित्र वाकडं लागलंय.”

“बुडबुडा मध्यावर आहे!”

“बुडबुड्याचं राहू द्या. पाणी डावीकडे चाललंय बघा.”

“वाकडंच आहे, भावोजी,” मेहुणा भाताचा घास घेत म्हणाला.

ज्याच्यासाठी भर दालनात तोंड काळं करून घेतलं, तो हे बोलत होता! मिस्त्रींनी ईझल, नात, दवाखाना, सगळं पहिल्यापासून सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते उठले, पाणसळ पेटीत ठेवून पेटीला कडी घातली आणि अंगठ्याने चौकटीचा उजवा कोपरा बोटभर खाली दाबला.

“हां, आता कसं सरळ झालं!” बायको म्हणाली.

मिस्त्रींनी खुर्ची फिरवली आणि चित्राकडे पाठ करून जेवायला बसले.