कडब्याचं भुयार

कडब्याची दुसरी गाडी अंगणातून निघाली तेव्हा सुभद्राबाई कमरेवर हात ठेवून फाटकात आडव्या उभ्या राहिल्या.

"माह्या चंद्रीनं वर्षभर काय खाव? तुमचं भुयार?"

चंद्री म्हणजे त्यांची म्हैस. खुशालरावांनी कासरे ओढून बैल थांबवले. "अवो, भिंती कराले नेऊन राहिलो, चाराले नाई. जत्रा संपली का पेंढीन् पेंढी परत आणतो."

"एक पेंढी कमी भरली त तुमच्या ताटातलं तिले देईन," असं म्हणून बाई बाजूला झाल्या. तिवसा गावात बाई बाजूला झाली म्हणजे पटलं असं नसतं, एवढं खुशालरावांना माहीत होतं.

पण इलाज नव्हता. मामला व्याह्यांचा होता. गेल्या उन्हाळ्यात खुशालरावांची लेक जयवंता अमरावतीला, राजापेठेतल्या भगवंतरावांच्या घरी दिली. लग्नात भर पंगतीत हे व्याही म्हणाले, "तुमच्या तिवस्यात पाहाले काय हाय, इवाई? नागपूरची मोटार जाताना दिसते, तेवढीच." सगळी पंगत हसली. खुशालरावांना बुंदी गोड लागली नाही. पुढे दिवाळीत ते लेकीकडे गेले, तर भगवंतरावांनी त्यांना तिथल्या प्रदर्शनातलं भुयार दाखवायला नेलं. काळे पडदे, एक लाल दिवा आणि चादरीखाली बसलेला एक माणूस. तो ऐन वेळी शिंकला. तरी भगवंतराव असे छाती काढून चालत होते, जणू भुयार त्यांनीच खणलं होतं.

"याहून पक्कं मी करतो," खुशालराव बाहेर येऊन बोलून गेले. "शिवरात्रीच्या जत्रेले या."

झालं. शब्द गेला तो गेला. आता राजापेठेत रोज संध्याकाळी जयवंताला ऐकावं लागत होतं, "काय सूनबाई, बांधलं का तुमच्या बाबांनी भुयार?" पोरीनं तसा निरोपच धाडला होता. हे भुयार फसलं असतं, तर ते तिला जन्मभर पुरलं असतं.

तेव्हा खुशालरावांनी विचार केला, आणि कपाशीच्या भावाचा केला नसेल एवढा केला. त्यांचे दोस्त मोतीराम मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांना पारावर बसवून खुशालराव समजावत होते.

"मास्तर, अंधार त कोठीतबी असते. पण कोठीत कोणी हौसेनं जाते का? आत गेल्यावर माणसाले घर कोणीकडं अन् देऊळ कोणीकडं, हे समजलं नाई पाहिजे. एखाद्या जागी वाकाले लावाव, एखाद्या जागी उगाच माघारी फिरवाव. शेवटी काही तरी घेण्यासारखं ठेवाव, अन् त्याच्यावर राखणीले कोणी तरी बसलेलं पाहिजे."

"अन् बाहेर आल्यावर?"

"बाहेर आल्यावर त्याच्या तोंडी गोष्ट पाहिजे. गोष्ट नाई त ते भुयार नाई, नुसतं बीळ हाय."

मास्तरांनी मान डोलावली आणि राखणीला बसवायचा राक्षस करायचं काम आपल्याकडे घेतलं. देवळामागच्या मैदानात बांबू उभे राहिले, बांबूंना कडब्याच्या दाट भिंती बांधल्या, वरून गाड्यांच्या ताडपत्र्या टाकल्या. वळणं अशी की शिरलेला माणूस दोनदा त्याच जागी यायचा. एका ठिकाणी इतकं बुटकं दार, की पाटलालाही वाकावं लागेल. पायाखाली वाळला पाला, म्हणजे आपल्याच पावलांचा आवाज मागून आल्यासारखा वाटावा. मधोमध बत्ताशांचा हंडा, आणि हंड्यामागे मास्तरांचा कागदी राक्षस. एवढ्या सगळ्यात सुतळी सोडली तर विकतचं काही नव्हतं. खुशालराव दिवसातून चार चकरा मारून ते बघत आणि मिशीत हसत.

जत्रेच्या आदल्या दिवशी शेजारच्या जाईबाईंना चाचणी म्हणून आत सोडलं. बाहेर सगळी आळी कान लावून उभी. जाईबाई आल्या त्या ओंजळभर बत्तासे घेऊन.

"राक्षस कसा वाटला?" मास्तरांनी विचारलं.

"गरीब हाय बिचारा. खुशालरावासारखाच दिसते. मी घेतले बत्तासे, काहीच बोलला नाई."

आळी हसली. सुभद्राबाई तेवढ्या हसल्या नाहीत. संध्याकाळी खुशालराव ओट्यावर बसले होते. ताट समोर येऊन थंड झालं.

"उद्या इवाई हसले त मी पुन्हा त्याइच्या दारात जाणार नाई," ते म्हणाले. "अन् पोरीले त तिथंच राहाचं हाय."

"जेवा आता," बाई म्हणाल्या, आणि चंद्रीला पाणी दाखवायला गोठ्याकडे गेल्या.

शिवरात्रीला भगवंतराव आले. अंगात कोट, डोक्याला गुलाबी फेटा. भुयार बाहेरून बघूनच म्हणाले, "अरे, हे त कुटारा-कडब्याचं गोदाम दिसते." चार माणसं हसली. मग ते पान चघळत बुटक्या दारातून आत वाकले.

बराच वेळ काही नाही. मग आतून एक "फुर्रर्र" आला. मग ताडपत्री हलली. मग मागची भिंत डोलायला लागली, आणि त्या भिंतीतूनच भगवंतराव बाहेर पडले. फेटा नाही, पान नाही, मिशीत कडबा. एकानं तांब्या पुढे केला, तो त्यांनी एका दमात संपवला.

"इवाई," ते म्हणाले, "राजापेठेत असं नाई."

"राक्षस..." खुशालरावांनी भीत भीत सुरुवात केली.

"त्याचा श्वास लागला न बाप्पा तोंडाले. गरम."

खुशालराव मास्तरांकडे बघायला लागले आणि मास्तर खुशालरावांकडे. कागदाला श्वास कुठून आला, हे दोघांनाही कळेना. पण जत्रेनं हे ऐकलं होतं. मिठाईचं दुकान सोडून माणसं भुयारापुढे लोटली. एक जण बाहेर येऊन म्हणाला, आतला रस्ता चालता चालता बदलते. दुसरा म्हणाला, राक्षसानं माहा हात चाटला. कालच्या जाईबाई पुन्हा जाऊन आल्या आणि रिकाम्या हातानं देवळाच्या पायरीवर बसून राहिल्या. जो तो खुशालरावांची पाठ थोपटत होता, आणि खुशालराव म्हणत होते, "काई नाई बापा, थोडी कला हाय आपल्यापाशी."

शेवटी कलावंतालाच राहवेना, तो आत शिरला. दुसऱ्या वळणावर भिंत असायला हवी होती, तिथे भगदाड होतं. भगदाडातून गेले तर पुढे भलताच रस्ता. स्वतःच्या हातानं बांधलेल्या भुयारात खुशालराव चक्क हरवले. पाला मागून वाजत होता, घर कोणीकडे आणि देऊळ कोणीकडे ते कळत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, एवढा आनंद त्यांना लेकीच्या लग्नातही झाला नव्हता. मग अंधारात त्यांचा हात कशावर तरी पडला, ऊन आणि केसाळ.

"ओंऽऽ," ते जे काय होतं ते म्हणालं.

चंद्री होती. मागून भिंती खात खात ती मधोमध पोचली होती. राक्षस तिच्या पायाखाली, हंडा चाटून लख्ख, आणि शिंगाला गुलाबी फेटा. खुशालरावांनी क्षणभर विचार केला. मग शेजारच्या भिंतीतली एक पेंढी उपसून तिच्यापुढे टाकली. "खाय माय, खाय," ते म्हणाले, आणि तोंड गंभीर करून बाहेर आले.

दिवेलागणीला व्याही जेवायला बसले. सुभद्राबाईंनी दुधाचा पेला पुढे ठेवला. भगवंतरावांनी तो हातात घेऊन निरखला.

"राक्षसाचं हाय का?"

खुशालरावांनी घाईनं भाजीचं पातेलं त्यांच्यापुढे सरकवलं.

"गोठ्यावरून आलो मी," भगवंतराव म्हणाले. "माहा फेटा अजून तिच्या शिंगाले हाय." त्यांनी दूध पिऊन मिशा पुसल्या. "पण अमरावतीत राक्षसच सांगीन. म्हशीले भेलो असं कोणता माणूस सांगन? अन् रस्ता त खरंच सापडला नाई मले. पोरीले मी स्वतः सांगतो, तुया बापानं भुयार लय पक्कं केलं."

चंद्री सुटली कशी ते बघायला खुशालराव काही तरी निमित्त करून उठले आणि गोठ्यात गेले. चंद्री आपली आपण परत येऊन उभी होती, दावं तसंच खुंट्याला होतं. त्यांनी ते हातात घेऊन टोकापर्यंत चाचपलं. कुठे तुटलेलं नव्हतं. गाठ तेवढी सुटली होती, आणि सुभद्राबाईंची गाठ ओढून सुटण्यातली नव्हती.

बाई पाठीमागे येऊन उभ्या होत्या.

"पेंढ्या कमी भरतीन," खुशालराव हळूच म्हणाले.

"भरू द्या. माह्याच म्हशीनं खाल्ल्या न." त्यांनी चंद्रीच्या शिंगावरचा फेटा सोडवला, झटकला आणि नीट घडी घातली. "भुयार पक्कं होतं तुमचं. राक्षस तेवढा कागदाचा होता."